कागदाआधी चावी नाही

बाळा,

तुझा मेसेज वाचला. गिऱ्हाईकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी हवीये, विसार तू घेऊन बसलायस, गाडीचा मालक म्हणतो टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलायच्या, कोऱ्या फॉर्मवर सह्या मारून दिल्यात अजून काय पाहिजे, बँकेचा एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, आरसीवर तसाच आहे, आणि तू मला विचारतोस, "काका, देऊन टाकू का, कागद मागनं करू." नको देऊस. कागदाआधी चावी नाही. मुहूर्त काय, दिवाळीत पाडवा आहेच की.

पार्क अँड सेलमध्ये, म्हणजे दुसऱ्याची जुनी गाडी आपल्या यार्डात लावून कमिशनवर विकण्यात, एक गंमत होते. पुसतोस तू, बॅटरी चार्ज करतोस तू, फोटो तू काढतोस, मग आठवड्याभरात ती गाडी आपलीच वाटायला लागते. पण ती तुझी नाही रे, आणि मालकाला वाटतं यार्डात लावली म्हणजे आपली जबाबदारी संपली, तेही खोटं. टीटीओचे ते २९ आणि ३० नंबरचे फॉर्म नुसते सही करून ड्रॉवरमध्ये पडले तर त्यांची किंमत रद्दीइतकी, आरटीओत नाव बदलेपर्यंत गाडी जुन्या मालकाचीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल शोधून वाच, सुप्रीम कोर्ट, फेब्रुवारी २०१८. गाडी विकलेली, पुढे आणखी हात बदललेले, २००९ मध्ये अपघात, आणि भरपाई कोणावर आली? ज्याचं नाव आरसीवर राहिलं होतं त्याच्यावर! बिचाऱ्याने ती गाडी कधीच दुसऱ्याच्या हातात दिली होती. तुझ्या त्या सही मारलेल्या मालकाला हे तू सांगितलंयस का? मला खात्री आहे नसेल सांगितलं.

आता तुझी बाजू. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, फी २५,००० रुपये, मुदत ५ वर्षं. आपल्या लाईनीत ते किती जणांनी काढलंय ते तू बघतोयसच, पण शेजारच्याने नाही काढलं हे कारण मला देऊ नकोस. ते असलं की मालक गाडी लावायला आला तेव्हाच २९-सी ऑनलाईन भरायचा, गाडी डीलरच्या ताब्यात दिली अशी ती नोंद, आणि मग कायद्याने तूच मालक मानला जातोस, म्हणजे एनओसी, डुप्लिकेट आरसी, ट्रान्सफर यासाठी तू स्वतः अर्ज करू शकतोस, मालकाच्या मागे फिरायला नको. पण जबाबदारीही तुझीच. यार्डातली गाडी घेऊन तू भाजी आणायला जाऊ शकत नाहीस. गिऱ्हाईकाला ट्रायल, सर्व्हिस सेंटर, रंगकाम, इन्स्पेक्शन, एवढंच, आणि बाहेर काढली की ट्रिप रजिस्टरला नोंद. चार दिवस मुहूर्ताला वापरायला देणं याला ट्रायल म्हणत नाहीत, हे तुलाही कळतंय.

आणि एचपी! कर्ज फिटलं म्हणतो ना मालक? मग बँकेची एनओसी आण, ३५ नंबरचा फॉर्म आण, एचपी उतरव, मग बोल. हे सगळं विसार घ्यायच्या आधी बघायचं असतं, याचा मला खरंच राग आलाय.

विसाराचे पैसे कुठेत? तुझ्या चालू खात्यात भाड्याला गेले नसतील अशी आशा करतो. एजंट म्हणून घेतलेले पैसे आपलं कमिशन कापून मालकाला द्यावेच लागतात, करार कायद्यात १८७२ पासून लिहिलंय. वेगळं खातं उघड. कमिशन किती, खर्च कोणाचा, किती दिवसांत विकली नाही तर गाडी परत, सगळं मालकाशी लेखी. जीएसटी तुझ्या कमिशनवर १८ टक्के, गाडीच्या अख्ख्या किमतीवर नाही, तेवढं सीएला विचारून घे. दोन लाख किंवा वरची रक्कम रोखीत घ्यायचीच नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

मला हेकट म्हणतात, माहितीये. ज्याच्याबरोबर यार्ड टाकणार होतो तो मित्र याच हट्टापायी तुटला, आज त्याचं हायवेला काचेचं शोरूम आहे आणि माझं तेच पत्र्याचं शेड. वाईट वाटतं. घरी अजून ऐकवतात की थोडं नमतं घेतलं असतं तर स्वतःची जागा झाली असती, आणि ते चूक आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण माझ्याकडून गेलेल्या एका तरी गाडीचं चलान जुन्या मालकाच्या फोनवर आलेलं दाखवा म्हणावं. दाखवाच! असो, हे तुझ्यासाठी लिहितोय की माझ्यासाठी कोण जाणे.

गिऱ्हाईकाला आजच फोन कर, खरं काय ते सांग, थांबत नसेल तर विसार परत कर. कुरकुर न करता, सगळा. ऑथोरायझेशनच्या फीला पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडून घे, व्याज नको. पण स्टॅम्प पेपरवर लिहून देशील तेव्हाच चेक मिळेल.

तुझा,
काका