वाचकांचे प्रश्न : लहान पेढी आणि मोबाइलवरचं गिऱ्हाईक

नथी, ठुशांचे फोटो मोबाइलवर काढले की सोनं फिकट, कधी हिरवट येतं. लोक पोस्टखाली विचारतात, ‘एक ग्रॅमचं आहे का?’ चांगला कॅमेरा घ्यावा का? (सराफ, बार्शी)

कॅमेरा राहू द्या, आधी उजेड सुधारा. पेढीत काउंटरवर पिवळे स्पॉट, छताला पांढऱ्या ट्यूब आणि दारातून ऊन असा तिहेरी उजेड असतो. यातला पांढरा कोणता हे मोबाइलला कळत नाही आणि तो सोन्यातलाच पिवळेपणा कमी करतो. फोटो काढताना दुकानातले सगळे दिवे बंद करून एकाच प्रकारचा उजेड ठेवा. उत्तरेची खिडकी असेल तर खर्च शून्य. नसेल तर दोन सारखे एलईडी दिवे घ्या. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त आणि ५००० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेलं असावं. दिवा आणि डाग (म्हणजे दागिना) यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून धरा.

हिरवट छटेचं कारण बहुतेक वेळा ट्रे असतो. पॉलिश केलेल्या सोन्यात समोरचं सगळं उमटतं, त्यात हिरवी मखमल आली आणि फोटो काढणाऱ्याचा शर्टही आला. खाली चकाकी नसलेला राखाडी किंवा मळकट पांढरा कागद घ्या. सगळीकडून पांढरा उजेड पडला की पाटलीची कड हरवते. अशा वेळी एका बाजूला दोन बोटं रुंद काळ्या कार्डाची पट्टी उभी करा, कड लगेच उठून दिसते. स्क्रीनवर डागावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि पांढरे चट्टे जाईपर्यंत उजेड किंचित खाली ओढा. मोबाइल नथीजवळ नेऊ नका, पुढचा मोती फुगलेला दिसतो. हातभर लांबून दुप्पट झूमवर काढा.

मोत्याला पसरलेला उजेडच हवा. हिऱ्याला मात्र त्याउलट एक उघडा, छोटा टॉर्च लागतो, आणि तो हलवत व्हिडिओ घ्यायचा. व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी हे जुळतं. रंग गडद करणारा फिल्टर नको. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन तोच रंग मागतं.

पोस्टवर किंमत लिहावी का? भाव रोज बदलतो, शिवाय शेजारचे मजुरी बघून कमी करतात. (पेढीचालक, सातारा)

शेजाऱ्याला तुमची मजुरी गिऱ्हाइकाकडून कळतेच. ‘किंमतीसाठी मेसेज करा’ लिहिलं की विचारायला संकोचणारी माणसं निघून जातात, आणि सराफाच्या दारात संकोचणारेच जास्त असतात. पूर्ण किंमत लिहिण्याऐवजी न बदलणारे आकडे लिहा: एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता आणि मजुरी टक्क्यांत.

उदाहरण घ्या. २२ कॅरेटची (९१६) ठुशी, निव्वळ सोनं १८ ग्रॅम, मजुरी १२ टक्के. भाव हिशेबापुरता ग्रॅमला १०,००० रुपये धरू. सोन्याचे १,८०,०००, मजुरी २१,६००, त्यावर ३ टक्के जीएसटी ६,०४८. एकूण २,०७,६४८, अधिक हॉलमार्किंगचं शुल्क, जे बिलात वेगळं दाखवायचं असतं. भाव ग्रॅममागे १०० रुपयांनी हलला तर या ठुशीत साधारण २,०७६ रुपयांचा फरक पडतो. म्हणूनच पोस्टमध्ये कायमची किंमत लिहिणं धोक्याचं. सहा महिन्यांपूर्वीचा स्क्रीनशॉट घेऊन माणूस येतो आणि वाद तुमच्या काउंटरवर होतो. आजचा भाव २४ तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टोरीत किंवा स्टेटसमध्ये रोज टाका, वेळही लिहा.

एक गोष्ट आधीच कळवून टाका. खरेदी दोन लाखांवर गेली की पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोख घेता येत नाही. गिऱ्हाईक गावाहून गाडी करून आल्यावर हे ऐकवलं तर ते चिडणारच.

निव्वळ वजनाचा आग्रह बोरमाळेसाठी आणि तन्मणीसाठी जास्त. लाख, मोती, खडे यांचं वजन सोन्यात मिसळून सांगितलं की मोड घालायला (जुना दागिना मोडून विकायला) आलेला माणूस दहा वर्षांनीही त्याचा राग काढतो.

हॉलमार्कचा फोटो टाकावा का? (सराफ, चिपळूण)

जरूर. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा कोड, अशा तिन्ही खुणा दाखवा. १ एप्रिल २०२३ पासून हाच सहा अक्षर-अंकी कोड ग्राह्य आहे. पण विक्रीला असलेल्या डागाचा पूर्ण कोड जगाला दाखवू नका, दोन अक्षरं झाका. तो उचलून खोट्या डागावर कोरणारे आहेत. त्यापेक्षा ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये कोड घालून काय दिसतं, हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करा. शुद्धता, वस्तूचा प्रकार, हॉलमार्किंग केंद्र हे सगळं तिथे येतं. माल हातात घेऊन दागिन्याचा प्रकार ॲपशी जुळतो का, हे बघायला शिकवा. बांगडीवर अंगठीचा कोड निघाला तर तो डाग घेऊ नये.

दोन हजार रुपये घालून पोस्ट बूस्ट केली (जाहिरात म्हणून पसरवली). चारशे लाइक आले, दुकानात कोणी नाही. लाइक करणारे तर परराज्यातले. (पेढीचालक, नांदेड)

बूस्टचं बटण दाबताना उद्दिष्ट म्हणून ‘एंगेजमेंट’ राहिलं असणार. यंत्रणा मग सहज लाइक देणारी माणसं शोधते, सोनं घेणारी नव्हे. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन मेसेज मिळवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल. ठिकाण म्हणून राज्य किंवा देश ठेवू नका. दुकानावर पिन टाकून २५ ते ३० किलोमीटरचं वर्तुळ घ्या, बाजारहाटाला येणारी गावं त्यात बसली पाहिजेत. रोज ३०० रुपये, सलग सात दिवस. मध्येच मजकूर किंवा रक्कम बदलू नका, शिकत आलेली यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा. जीएसटी क्रमांक खात्यात भरून ठेवा, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळवताना अडचण येते.

मोजायचं काय? लाइक सोडा. किती जणांनी मेसेज केला, त्यातले किती आले, किती बिलं झाली, हे तीन आकडे वहीत लिहा. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मोठ्या पेढ्या जाहिरातींची बोली वाढवतात आणि तेवढ्याच पैशात तुम्हाला कमी माणसं मिळतात. ऑर्डरचे दागिने त्याआधीच, पितृपक्षाच्या शांत दिवसांत दाखवा. त्या काळात लोक विकत घेत नाहीत, पण लग्नाची यादी करतात. कारागीरही तेव्हा मोकळा असतो. दिवाळीच्या तोंडावर बुगडीची ऑर्डर घेऊन तारीख पाळता येत नाही.

व्हॉट्सॲपवर बाराशे ग्राहक आहेत, ब्रॉडकास्ट निम्म्यांनाही पोचत नाही. (सराफ, इचलकरंजी)

एका यादीत २५६ नावंच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच ब्रॉडकास्ट मिळतो. इलाज बिलाच्या वेळी करायचा. ‘दुरुस्ती झाली की या नंबरवरून कळवू, सेव्ह करून घ्या’ म्हटलं की लोक करतात. बिझनेस ॲपमधली लेबलं वापरा: ‘लग्न’, ‘दुरुस्ती’, ‘बारसं’, ‘फक्त भाव’. ज्याने बाळाच्या बिंदल्या घेतल्या, त्याला हिऱ्याची अंगठी रोज पाठवली तर तो ब्लॉक करील. असे ब्लॉक वाढले की नंबरच बंद पडू शकतो. महिन्यात दोनदा पुरे.

एका इन्फ्लुएन्सरने नथ भेट म्हणून मागितली आहे. बदल्यात रील करणार. द्यावी का? (पेढीचालक, पुणे)

आधी तिचे चाहते कुठले, हे तिच्याकडून स्क्रीनशॉटने मागा. पुण्यातले कमी असतील तर नको. देणार असाल तर पैसे नसले तरी ती जाहिरातच आहे. रीलवर ‘जाहिरात’ अशी स्पष्ट खूण हवी, एएससीआयचा (जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचा) तसा दंडक आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरातदारालाही आणि शिफारस करणाऱ्यालाही. आमचं मत विचाराल तर त्या नथीच्या पैशात तुमच्या गिऱ्हाइकांपैकीच एखाद्या नवरीचा, लेखी परवानगी घेऊन, चांगला व्हिडिओ काढणाऱ्याला पैसे द्या. गावात तिला ओळखणारे असतात. रीलला गाणं लावताना जपा. बिझनेस खात्याला चित्रपटगीतं बहुधा मिळत नाहीत, आणि दुसऱ्या मार्गाने लावली तर आवाज बंद होतो. हातोडीचा आणि पॉलिशचा मूळ आवाज ठेवलात तर हा प्रश्नच येत नाही.