जीवाणूंचं विभाजन 'सूत्री' म्हणायचं का?

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. सूक्ष्मजीवशास्त्राच्या नोट्स ती मराठीत उतरवते आहे. जीवाणूच्या पेशीविभाजनाला 'सूत्री विभाजन' लिहिलं तर चालेल का, आणि 'पेशीचक्र' हा शब्द जीवाणूला लावता येतो का?

'सूत्री' नको. सूत्र म्हणजे धागा. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंगला रंगवलेल्या पेशींत धाग्यांसारखी गुणसूत्रं दिसली आणि १८८२ मध्ये त्याने ग्रीक भाषेतल्या 'धाग्या'वरूनच मायटॉसिस, म्हणजेच आपलं सूत्री विभाजन, हे नाव दिलं. जीवाणूत केंद्रक नाही, गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे तंतूही नाहीत. शाळेच्या पुस्तकातलं 'द्विविभाजन' बिनधास्त लिहा. (गंमत अशी, की आपल्या पेशीत ते तंतू ट्युब्युलिन या प्रथिनाचे असतात, आणि ट्युब्युलिनचाच भाऊबंद, एफटीएसझेड हे प्रथिन, जीवाणूच्या मधोमध कडं करून बसतो. १९९१ मध्ये ते कडं पहिल्यांदा दिसलं. पुढे तिथेच आडवी भिंत उभी राहते.)

'पेशीचक्र' चालेल, पण जपून. चक्र म्हटलं की एक फेरी संपल्यावर दुसरी, असं वाटतं. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू भरपूर अन्नात, ३७ अंशांवर, साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. पण त्याच्या डीएनएची नक्कल व्हायलाच सुमारे ४० मिनिटं लागतात, आणि नक्कल संपल्यावर पेशी दुभंगायला आणखी २०. हिशेब बसतो कसा? पहिली पंगत ताकभातावर असतानाच आपण पुढच्या पंगतीची तयारी धरतो ना, तसं. डीएनएए हे प्रथिन ठरलेल्या जागी नक्कल सुरू करतं, आणि ती संपायच्या आत त्याच गुणसूत्रावर पुढची नक्कल सुरू होते. म्हणजे आत्ता दुभंगणाऱ्या पेशीची नक्कल तिच्या आजीच्या वेळीच सुरू झालेली असते. कूपर आणि हेल्मस्टेटर या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हा हिशेब मांडला. तेव्हा केंद्रकवाल्या पेशींच्या चक्रातले जी-१ (नकलेआधीचा), एस (नकलेचा), जी-२ (नकलेनंतरचा) हे टप्पे जीवाणूच्या आकृतीत जसेच्या तसे चिकटवू नका.

आणि द्विविभाजनाच्या व्याख्येत 'दोन समान पेशी' असं सरसकट लिहू नका. कॉलोबॅक्टर हा जीवाणू दुभंगला, की एका पेशीला देठ असतो, तर दुसरी शेपटी हलवत पोहत निघते. देठवाली लगेच नक्कल सुरू करते. पोहणारीला मात्र सीटीआरए नावाचं प्रथिन अडवून धरतं, आणि शेपटी टाकून देठ फुटायच्या सुमारासच तिचा नंबर लागतो.