रिपोर्टच्या आधीची बॅच

प्रश्न : माझा फरशी पुसण्याच्या क्लीनरचा छोटा कारखाना आहे. एका मोठ्या कंपनीची बाटली दुकानातून विकत आणून लॅबमध्ये तपासून घेतली आणि त्यावरून स्वतःचे उत्पादन काढले. आता ट्रेड सिक्रेट (धंद्यातली गुप्त माहिती) चोरल्याची नोटीस आली आहे. त्या कंपनीतून आलेला एक केमिस्ट माझ्याकडे नोकरीला आहे. लॅबचा रिपोर्ट जोडून उत्तर पाठवू का?

उत्तर : इतक्यात पाठवू नका. तुम्ही पाठवलेल्या कागदांत रिपोर्ट १८ तारखेचा आहे आणि तुमच्या बॅच रजिस्टरमध्ये पहिली ट्रायल त्याच महिन्याच्या २ तारखेला लागलेली आहे. समोरचा वकील याच दोन तारखा शेजारी शेजारी ठेवेल.

विकत घेतलेली वस्तू तपासणे हा मुळात गुन्हा नाही. ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३९व्या कलमात गुप्त माहितीला संरक्षण आहे, पण ते अप्रामाणिक मार्गाने ती मिळवण्याविरुद्ध. युरोपीय संघाच्या २०१६च्या निर्देशात तर खुल्या बाजारातल्या वस्तूची तपासणी करून माहिती मिळवणे वैध असल्याचे स्पष्टच लिहिले आहे. बाटली खरेदी केल्याची पावती आहे ना? ती जपा. ‘विश्लेषण करणार नाही’ अशी सही करून नमुना घेतला असता, तर गोष्ट वेगळी होती.

अडचण केमिस्टची आहे. जीसी-एमएसमधून (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रातून) सॉल्व्हंट आणि सुगंधाचे घटक कळतात, सर्फॅक्टंटसाठी, म्हणजे मळ सोडवणाऱ्या घटकासाठी, वेगळ्या चाचण्या असतात, प्रमाणाचाही बराच अंदाज येतो. पण आधी काय घातले, किती तापवले, किती वेळ ढवळले, हे कोणत्याही यंत्रातून निघत नाही. तुमच्या बॅच शीटवर मात्र ‘६५ अंशांवर ४० मिनिटे, सुगंध थंड झाल्यावर’ असे पहिल्याच ट्रायलपासून आहे. हे आकडे कुठून आले? केमिस्टच्या सर्वसाधारण अनुभवातून आले असतील तर तसे मांडता येईल. अनुभव कोणी जुन्या कंपनीत ठेवून येत नाही. जुन्या कंपनीच्या वहीतून किंवा मोबाइलमधल्या फोटोंतून आले असतील, तर लॅबचा रिपोर्ट नंतर चढवलेला मुखवटा ठरेल.

रजिस्टरला हात लावू नका. ‘तारीख जरा नीट करून घेऊ’ असा सल्ला देणारे भेटतात; त्यांच्या नादाला लागलात तर वाचवता येण्यासारखा खटलाही हातचा जाईल.

नोटिशीत पेटंटचा उल्लेख नाही, तरी पेटंटचा शोध घ्याच. पेटंट असेल तर तुम्ही माहिती किती प्रामाणिकपणे मिळवली याने बचाव होत नाही. साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षे ते चालते. बाटलीचा आकार आणि लेबलाचा रंग त्यांच्यासारखा ठेवला असेल तर तो आधी बदला. त्यावरून वेगळा दावा होऊ शकतो आणि त्यात लॅबचा रिपोर्ट काही कामाचा नाही.

सध्या चार ओळींचे उत्तर पुरे : आरोप मान्य नाहीत, नेमकी कोणती माहिती गुप्त होती आणि ती गुप्त राखण्यासाठी काय केले होते ते कळवा, सविस्तर उत्तराचा हक्क राखून ठेवत आहोत. हे पाठवण्याआधी केमिस्टला जुन्या कंपनीच्या नेमणूकपत्रासह माझ्याकडे घेऊन या. २ तारखेच्या ट्रायलबद्दल त्याच्याशी तुम्ही परस्पर बोलू नका, ते मला विचारू द्या.