महरम: निषिद्ध, म्हणूनच जवळचा

प्रश्न असा आहे: हजच्या बातम्यांत 'महरमशिवाय प्रवास' असं छापून येतं. महरम म्हणजे पालक का? आणि हा शब्द 'हराम'च्या कुळातला असेल, तर ज्याचा हात धरायला बाईला मुभा आहे, नेमकं त्यालाच 'निषिद्ध' कसं म्हणतात?

कूळ बरोबर ओळखलं आहे. अरबीत ह-र-म या धातूत 'मनाई' आणि 'पावित्र्य' असे दोन्ही अर्थ आहेत. हराम, हरम, हाजींचा एहराम, मोहरम महिना, सगळी त्याचीच पिल्लं. (मरहूम मात्र यातला नाही बरं का. तो र-ह-म, म्हणजे 'रहम'चा. 'वंचित' या अर्थाचा महरूम तेवढा इकडचा. एका अक्षराची अदलाबदल झाली आणि वंचिताचा कैलासवासी झाला.)

आता कोड्याकडे येऊ. महरम निषिद्ध आहे तो लग्नासाठी. ज्याच्याशी लग्न कायमचं वर्ज्य, तो महरम. लग्नाची शक्यताच मुळात नाही म्हटल्यावर पडद्याचं, एकांताचं, स्पर्शाचं बंधन सैल होतं. शब्द मनाई सांगतो आणि व्यवहारात मोकळीक देतो, एवढीच त्याची गंमत.

कुराणातल्या चौथ्या सूरेच्या (अध्यायाच्या) 23व्या आयतीत ही वर्ज्य नाती मोजून दिली आहेत. ती पुरुषाच्या बाजूने आहेत: आई, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, भाची, पुतणी, सासू, सून वगैरे. दूधआई आणि दूधबहीणही त्यातच येतात. आपल्याकडे 'दूधभाऊ' हा शब्द मायेपुरता उरलाय. तिथे मात्र तो कायद्याचा शब्द आहे, आणि दूधभाऊ पक्का महरम. उलट सख्खा चुलतभाऊ किंवा मामेभाऊ महरम नाही, कारण त्याच्याशी लग्न चालतं. दीरही नाही. मेहुणीशी लग्न बायको नांदती असेपर्यंतच वर्ज्य, म्हणजे मनाई तात्पुरती, म्हणून तीही गैरमहरम.

'पालक' हे भाषांतर मला पटत नाही. वयात आलेला मुलगा आईबरोबर हजला गेला, तर तो तिचा महरम असतो. पण म्हणून तो आईचा पालक होतो का? पालकाला तिकडे 'वली' हा वेगळा शब्द आहे. भारताच्या हज धोरणात 2018पासून 45 वर्षांवरच्या, किमान चौघींच्या गटाला महरमशिवाय जाता येऊ लागलं, तेव्हा बातम्यांत 'पुरुष पालक' फार दिसला. 'महरम' तसाच ठेवून पहिल्या वेळी 'लग्नास वर्ज्य असा नातलग' अशी फोड द्यावी. 'मेहरम' हे रूपही चालतं, मात्र 'मोहरम' नको, तो महिना.

नवऱ्याचं काय? काटेकोर बघाल तर नवरा महरम नव्हे. ज्याच्याशी लग्न झालंय तो लग्नाला वर्ज्य कसा असेल! म्हणून प्रवासाच्या नियमांत जुने ग्रंथ 'नवरा किंवा महरम' असं दोघांना वेगळं मोजतात. बोलताना लोक नवऱ्यालाही महरम म्हणून मोकळे होतात, तो सैलपणा.

स्पर्शाच्या बाबतीत आणखी एक शब्द बघण्यासारखा आहे. नमाजाआधीच्या वजूसंबंधी, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होण्यासंबंधी, चौथ्या आणि पाचव्या सूरेत 'लामस्तुम' असं क्रियापद येतं: तुम्ही स्त्रियांना 'स्पर्श केला' असेल तर. काही पाठांत पहिला स्वर ऱ्हस्व आहे, 'लमस्तुम'. हा स्पर्श साधा की आडून सांगितलेला समागम? मराठीतही 'हात लावणे' असाच दुहेरी चालतो, म्हणून ही अडचण आपल्याला लगेच कळावी. सुन्नी मुसलमानांचे चार धर्मशास्त्रीय पंथ इथे वेगवेगळे जातात. हनफींनी समागम हा अर्थ घेतला, त्यामुळे साध्या स्पर्शाने त्यांचा वजू मोडत नाही. मालिकी आणि हंबली वासनेची अट घालतात. शाफईंनी शब्दशः स्पर्श धरला: उघड्या त्वचेला त्वचा लागली की वजू मोडला. पण महरमला त्यांनीही यातून वगळलं आहे. म्हणून शाफई पुरुषाचा वजू आईचा हात लागला तर टिकतो, आणि बायकोचा लागला तर त्याला पुन्हा हातपाय धुवावे लागतात.