इंजिनाचे चार ठोके

अनेक आशीर्वाद.

टेबलावर एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचे रूळ अंथरलेस आणि वाफेचं इंजिन फिरू लागलं, हे वाचून फार आनंद झाला. गाडी फिरवताना जुनं बिग बँड, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचं जॅझ, लावावंसं वाटतं, सुरुवात कशाने करू, असं विचारलं आहेस.

अमेरिकन जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या 'डेब्रेक एक्स्प्रेस'ने कर. ध्वनिमुद्रण १९३३चं. पहिल्यांदा ऐकताना मात्र गाडी उभीच ठेव. आधी जड, सावकाश धक्के, मग वेग, मग सॅक्सोफोन सुसाट सुटतात, पितळी वाद्यं शिट्टी घालतात आणि शेवटी ब्रेक लागतात. एवढा सगळा प्रवास तीन मिनिटांत, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. एलिंग्टनने हे आवाज डब्यात झोपून ऐकले होते. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय वादकांना हॉटेलं खोली देत नसत, म्हणून दौऱ्यावर त्याचा बँड भाड्याच्या पुलमन, म्हणजे झोपायची सोय असलेल्या, रेल्वेडब्यांतून फिरे आणि त्यातच मुक्काम करी. हे माहीत झाल्यापासून त्यातली शिट्टी मला वेगळीच ऐकू येते.

ग्लेन मिलरच्या बँडचं आगगाडीवरचं गाणं 'चॅटनूगा चू चू' (१९४१) तुला आवडेलच, सगळ्यांना आवडतं.

पण कान तयार व्हायचा असेल तर काउंट बेसीच्या बँडकडे जा. फ्रेडी ग्रीनची गिटार आणि वॉल्टर पेजचा बास, दर आवर्तनाला चार सारखे ठोके. आता इंजिनाजवळ बस. दोन सिलिंडरच्या खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळे मोठं चाक एकदा फिरलं की चार फुसकारे निघतात. तुझ्या इंजिनात आवाजाचा डिकोडर, म्हणजे इंजिनाचे आवाज काढणारं छोटं सर्किट, असेल तर मोजून बघ. फेऱ्याला चार येत नसतील तर सेटिंग बदल. एकदा चार जुळले की बेसीचा बँड आणि तुझं इंजिन एकाच घरातले वाटू लागतात.

आणि गाडी पळवू नकोस, एवढं माझं ऐकच. एचओचं प्रमाण १:८७ आहे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे टेबलावर सेकंदाला जेमतेम १९ सेंटिमीटर. पाच मीटरच्या वळसा-रुळावर एक फेरी साधारण २६ सेकंदांची, म्हणजे एका तबकडीत सहा-सात फेऱ्या. खरी गाडी अशीच दिसते.

इतक्या हळू चालवताना ती अडखळेल. दोष बहुतेक वेळा मळाचा असतो. रुळांना सँडपेपर लावू नकोस, ओरखड्यांत पुन्हा काजळी साठते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं सुती कापड रुळावर आडवं टाक, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून हाताने धर आणि करंट सोड. कापडावर दोन काळ्या रेघा उमटतील. मग इंजिनाचं तोंड दुसऱ्या बाजूला करून उरलेली चाकं तशीच पूस.

रविवारी आलास किंवा आलीस तर इंजिन घेऊन ये. चार ठोके दोघं मिळून मोजू.