सांकरीची गाडी पकडण्याआधी

अरे पोरा,

तुझा मेसेज मिळाला. उत्तराखंडातल्या हर की दून खोऱ्याच्या ट्रेकचं बुकिंग झालं, बूट आले, रोज संध्याकाळी पर्वती दोनदा चढतोयस. छान. पण सोबत जोडलेलं प्रवासाचं वेळापत्रक वाचलं आणि कपाळाला हात लावला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून रात्रीचं विमान, दिल्लीला उतरून काश्मिरी गेटवरून मध्यरात्रीची बस, सकाळी सहाला डेहराडून, साडेसहाला स्टेशनसमोरून सांकरीची, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावाची, गाडी. आणि खाली लिहिलंयस, ‘ताई, एक रजा वाचते!’

ती रजा टाक. गुरुवारी रात्रीच नीघ आणि शुक्रवारची रात्र डेहराडूनला आडवा होऊन झोप. या पत्रातलं एकच ऐकणार असशील तर एवढं ऐक. बाकीचं गाडीत वाचलंस तरी चालेल. म्हणजे नको, गाडीत वाचू नकोस, तुला गाडी लागते.

हे मी अनुभवावरून सांगतेय. तुझ्याच वयाची असताना मीही असंच जागरण करून थेट जीपमध्ये बसले होते. डेहराडून साडेसहाशे मीटरवर. तिथून मसुरीला दोन हजारांच्या आसपास चढायचं, मग यमुनेच्या पुलापर्यंत पुन्हा हजाराच्या खाली उतरायचं, नौगाव, पुरोला करत चिडाच्या जंगलातून परत वर, आणि मोरीला टोन्स नदीच्या काठी परत खाली. अंतर म्हणशील तर जवळपास दोनशे किलोमीटर, पण आठ ते दहा तास लागतात. वरंधा घाटाची वळणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू आहेत अशी कल्पना कर. मसुरीच्या पुढे मला जी उलटी सुरू झाली ती नौगावपर्यंत थांबली नाही. ड्रायव्हर भला माणूस, दर वळणावर न सांगता गाडी हळू करायचा. पुन्हा उलटी नको म्हणून मी दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नाही. सांकरीला पोचल्यावर ट्रेकच्या लीडरने विचारलं, ‘तबियत ठीक?’ मी म्हटलं, ‘एकदम.’

तिसऱ्या दिवशी, तीन हजार मीटरच्या आसपासच्या मुक्कामावर, डोकं ठणकायला लागलं. मळमळ, जेवण नको. आता हे उंचीमुळे, की पोटात तीन दिवस धड काही नाही म्हणून? मला सांगता येईना, लीडरलाही कळेना. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, आणि त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. जागरण आणि तहानेनेही नेमकं हेच होतं. शंका असली की खाली आणायचं, हा नियम. त्याने एका मुलाला सोबत देऊन मला खालच्या ओसला गावी परत पाठवलं. बरोबर केलं त्याने. पण हर की दून मला दिसली नाही ती नाहीच, पुढची चार वर्षं.

असो. आता तुझ्या गाडीबद्दल.

मधल्या किंवा पुढच्या सीटवर बस, त्यासाठी जरा लवकर जा. मागच्या आडव्या बाकावर बसलास तर माझी आठवण येईल. अॅव्होमिन, म्हणजे गाडी लागू नये म्हणूनची गोळी, घ्यायची तर गाडी सुटायच्या आधी तास-दोन तास. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, गोळीच बाहेर येते. तिने झोप येते, तेवढं चालेल, पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचार. त्याच फेरीत डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दलही विचारून घे. ग्रुपवर कुणी सांगितलं म्हणून सुरू करू नकोस. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. शिवाय त्या गोळीने लघवीला जास्त होते, म्हणजे आधीच कोरडा पडलेला माणूस आणखी कोरडा. खिशात आलेपाक ठेव. पाणी घोटघोट पीत राहा, एका बाटलीत इलेक्ट्रॉल घाल. डेहराडूनला छोले-भटुरे हाणून गाडीत बसू नकोस. आईला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून द्यायला सांग, सकाळी तेवढं पुरतं. दुपारी ढाब्यावर राजमा-भात मिळेल, तो बेताने खा.

मोठी सॅक गाडीच्या टपावर जाते, वर ताडपत्री, दोर. एकदा बांधली की सांकरीपर्यंत कुणी सोडत नाही. मग मोरीजवळ पाऊस येतो आणि जॅकेट टपावर! औषधं, जॅकेट, ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि पैसे छोट्या पिशवीत, मांडीवर. बूट पायातच घालून विमानात चढ. सामान मागे राहिलं तर कपडे उसने मिळतील, तुझ्या मापाचे रुळलेले बूट मिळणार नाहीत. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत हवी, नाहीतर विमानतळावर सामान उघडायला लावतात.

पुरोला हा वाटेतला शेवटचा बऱ्यापैकी मोठा बाजार. रोख पैसे तिथेच काढून घे. पुढे रेंज येते-जाते, आणि रेंज नसली की चहाचे वीस रुपयेही फोनवरून देता येत नाहीत. घरी फोनही तिथूनच कर, आणि ‘आता पाच-सहा दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका’ हे स्पष्ट सांग. मागे एकाने हे सांगितलं नाही, त्याच्या वडिलांनी माझं डोकं खाल्लं.

नैटवाडला वनखात्याचं नाकं आहे, तिथून गोविंद अभयारण्याची हद्द. नोंदणी होईपर्यंत गाडी थांबते, तेवढ्यात खाली उतरून नदी बघ. रूपिन आणि सूपिन तिथे एकत्र येतात आणि टोन्स होते. ही टोन्स पुढे यमुनेला मिळते तेव्हा तिच्यात यमुनेपेक्षा जास्त पाणी असतं, पण नाव उरतं यमुनेचं.

सांकरी १,९२० मीटरवर आहे. तिथल्या टपरीवर चहा पीत बसशील तेव्हा कळसूबाईच्या शिखरापेक्षा अडीचशे मीटरहून जास्त उंचावर असशील. पोचल्या पोचल्या रजईत शिरू नकोस. सामान टाक आणि शेजारच्या सौड गावापर्यंत सावकाश चालून ये, देवळाचं लाकडी काम बघ, मग जेव आणि लवकर झोप. संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावतील. गार बोटावर आकडा कमी दिसतो, म्हणून आधी हात चोळून गरम कर. आणि कुणाचा आकडा किती यावर पोरं पैजा लावतात, त्यात पडू नकोस. लीडरने विचारलं तर किती वेळा उलटी झाली, किती पाणी प्यालास, किती झोपलास, सगळं खरं सांग. तो तुला घरी पाठवायला बसलेला नाही. त्याला तुझा पहिला दिवस माहीत असला तरच तिसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचा अर्थ लावता येईल.

परतीचं तिकीटही बदल. सांकरीहून उतरलास त्याच रात्रीची गाडी पकडायचा बेत दिसतोय. वाटेत दरड आली किंवा मसुरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलास तर गेली. दुसऱ्या दिवशीची काढ. बॉस ओरडेल, ओरडू दे.

आणि हो, पुरोल्याच्या खोऱ्यात लाल तांदूळ पिकतो. येताना बाजारात दिसला तर किलोभर आण. पैसे आल्यावर देते.

तुझी,
ताई