किराणा दुकानाचं लाईटबिल फार येतं, सोलर बसवावं का?

सोलरचं नंतर बघू. आधी हे सांगा, कोल्ड्रिंकचा कूलर कुठे ठेवलाय?

आमचं दुकान जळगावला, तोंड पश्चिमेला. एजन्सीवाला काचेच्या दाराचा कूलर टाकून गेला आणि धाकट्या भावाने तो थेट शटरपाशी मांडला. रस्त्यावरून बाटल्या दिसल्या की गिऱ्हाईक थांबतं, हे त्याचं म्हणणं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. दुपारी तीननंतर ऊन सरळ काचेवर. कूलरची पाठ भिंतीला चिकटलेली, खालच्या जाळीत पिठाची धूळ आणि पोत्यांचे धागे गच्च बसलेले. कंप्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. बिल वाढलं की भाऊ म्हणायचा, ट्यूब बदला. बदलल्या. जुनी ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खाते, एलईडी वीस. फरक पडतो, पण ट्यूब शटर पडल्यावर बंद होते, कूलर चोवीस तास चालतो!

शेवटी मीच तो आत सावलीत ओढला, मागे वीतभर जागा सोडली, जाळी ब्रशने झाडली, दाराचं फाटलेलं रबर बदललं. ऐन उन्हाळ्यात युनिट उतरले. विक्री तसूभर कमी झाली नाही, तहानलेला माणूस मागून घेतो. भाऊ आजही म्हणतो, त्या महिन्यात लाईट जास्त गेली होती म्हणून. शेजारच्या मेडिकलचं बिल मग का नाही उतरलं?

तुमच्या फ्रीजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढून बघा. सहज निघाली तर रबर गेलंय. डीप फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साचू देऊ नका. पंखे बदलणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या, 75 वॅटचं काम तीसेक वॅटमध्ये होतं.

सोलरबद्दल एवढंच, की केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी घरगुती मीटरला आहे, दुकानाच्या व्यापारी मीटरला नाही. छत स्वतःचं असेल तरच हिशोब मांडा.

आणि हो, कूलरमध्ये नुसत्या बाटल्या असतील तर रात्री बंद ठेवला तरी चालतो. दूध, पनीर, श्रीखंड असेल तर अजिबात नको. आइस्क्रीमचा फ्रीजरही उणे 18 वरच राहू द्या, तिथे काटकसर केली तर माल जातो.

कूलर हलवला की एजन्सीवाला कुरकुर करेल, त्याला कूलर पुढे मांडल्याचा फोटो कंपनीला पाठवायचा असतो. त्याला स्पष्ट सांगा, कूलर तुमचा असला तरी बिल मी भरतो.